वाचनालयातून धंद्याला आणि नोकरीला नेमकं काय मिळवता येतं? (सांगली जिल्हा, सल्ला हवा)

येरळाकाठ

नमस्कार. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. दोन कामांसाठी विचारतोय. घरी हळद आणि तिखट दळून १०० आणि २०० ग्रॅमच्या पाकिटांत विकायचा विचार आहे, बायकोच्या नावावर. धाकटा भाऊ बी.कॉम. झालाय. लिपिकाच्या जाहिराती बघतोय, पण कंपनीतली नोकरीही चालेल.

गावात 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. बहुतेक लोक तिथं पेपर, कादंबऱ्या आणि अभ्यासिका एवढ्यासाठीच जातात. तिथं गेल्यावर नेमकं काय मागायचं? आधी काय, नंतर काय?

दाखलनोंद

"धंद्यावर एखादं पुस्तक आहे का?" असं विचारू नका. यशाचे मंत्र सांगणारं काहीतरी हातात पडेल आणि तुम्ही परत फिरकणार नाही. दोन नावं कागदावर लिहून न्या: सांगली जिल्ह्याची २०११ ची जनगणना पुस्तिका (अ आणि ब, दोन्ही भाग) आणि 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' (जिल्ह्याच्या सरकारी आकडेवारीचं पुस्तक), त्यातलं सगळ्यात अलीकडचं वर्ष.

ही पुस्तकं संदर्भ विभागात असतात आणि घरी देत नाहीत, तिथंच बसून टिपून घ्यायची. तालुक्याला नसतील तर सांगलीच्या शासकीय जिल्हा ग्रंथालयात चौकशी करा. जनगणना पुस्तिका जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर फुकट उतरवताही येते.

ब भागात प्रत्येक गावाची कुटुंबसंख्या मिळते. अ भागात गावात बँक, बाजार, पक्का रस्ता आहे का ते. पुस्तिका इंग्रजीत आहे, पण तक्तेच आहेत, अडत नाही. समजा तुम्ही फिरू शकता अशा ८ गावांत मिळून ६,००० कुटुंबं निघाली. घरटी महिन्याला १५० ग्रॅम हळद धरा (हा आकडा तुमच्याकडच्या दहा घरांत विचारून पक्का करा). एकूण खप ९०० किलो. त्यातला ५ टक्के तुमच्याकडे आला तरी महिन्याला ४५ किलोच. एवढ्या मालासाठी स्वतःचा पल्वरायझर (दळणाचं मशीन) घेऊन कर्जाचा हप्ता बसवण्यात अर्थ नाही. दळण बाहेरून करून घ्या, पैसे पॅकिंग आणि वजनकाट्यात घाला. मशीन किती मोठं घ्यायचं हे मशीन विकणाऱ्यानं ठरवू नये, या तक्त्यानं ठरवावं. वाचनालयाचा धंद्याला सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो, आणि नेमका तोच कुणी करत नाही.

२०११ चे आकडे जुने आहेत हे लक्षात असू द्या. गावठाणाबाहेर वस्ती वाढली असेल तर ग्रामपंचायतीत नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही) वरून घरांची संख्या ताडून बघा.

आणखी एक अडचण येते. लहान वाचनालयांत पुस्तकं भाषेप्रमाणे आणि दाखल क्रमांकाप्रमाणे लावलेली असतात, विषयाप्रमाणे नाही. कपाटासमोर उभं राहून शोधाल तर काहीच सापडणार नाही. ग्रंथपालांना सांगून दाखलनोंद वही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) किंवा संगणकावरची यादी बघा. दशांश वर्गीकरण (विषयाप्रमाणे क्रमांक) असेल तर ६५७ हिशेब, ६५८ व्यवस्थापन, ६६४ अन्नप्रक्रिया, ३३१ कामगार व रोजगार. यातलं ६६४ आवर्जून बघा.

पाकीटबंद

दाखलनोंद यांचं गणित अगदी बरोबर. पुढचं मी सांगतो, कारण हळदीत लोक दर्जा आणि लेबल या दोन्ही ठिकाणी अडकतात.

भारतीय मानक ब्युरोची मानकं आता संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, खातं उघडावं लागतं इतकंच. हळदीचं मानक आयएस ३५७६, अख्खी आणि पूड दोन्हींसाठी. वाचनालयात संगणक आणि प्रिंटर असेल तर तिथंच छापून घ्या. अन्नसुरक्षा नियमांत हळद पुडीसाठी ओलावा जास्तीत जास्त १० टक्के, कर्क्युमिनॉइड (हळदीला पिवळा रंग देणारे घटक) किमान २ टक्के आणि लेड क्रोमेट (शिशाचा विषारी पिवळा रंग) अजिबात नको. ओलावा जास्त राहिला की पाकिटात गुठळ्या होतात, बुरशी धरते आणि माल परत येतो. पॉलिश करून रंग चढवलेली हळकुंडं घेतलीत तर लेड क्रोमेटचा धोका विकत घेताय, म्हणून कच्चा माल बिनपॉलिशचा घ्या आणि पहिल्याच लॉटची प्रयोगशाळेत तपासणी करा.

पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंवा किलो दर, महिना-वर्ष, बॅच, तक्रारीसाठी संपर्क, हिरवं चिन्ह आणि १४ अंकी अन्नसुरक्षा क्रमांक हवा. वैधमापन (वजनमाप) खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी करायची असते, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत, शुल्क ५०० रुपये. अन्नसुरक्षा नोंदणी झाली की झालं असं समजून हे राहून जातं.

नावाबद्दल कळकळीनं सांगतो. पाकिटावर 'सांगली हळद' असं छापू नका. तिला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. स्वतःचं नाव ठरवा आणि बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्क शोधा, शोध फुकट आहे. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत, उच्चार सारखे येतील अशी रूपंही शोधा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गाला ४,५०० रुपये पडतात. दहा हजार पाकिटं छापल्यावर नाव बदलायची वेळ येण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचं काम आधी करा.

येरळाकाठ

दोघांचेही खूप आभार. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) वाचनालयाच्या संगणकावर करता येईल का? आणि प्रोजेक्ट रिपोर्टचे एक जण ५,००० मागतोय, ते द्यावेत का?

पाकीटबंद

देऊ नका. खादी आयोगाच्या संकेतस्थळावर मसाला दळणाचे नमुना प्रकल्प अहवाल फुकट आहेत. साचा तिथून घ्या, आकडे मात्र स्वतःचे भरा: दोन कोटेशन, वर दिलेल्या गणितातून आलेली विक्री आणि तीन महिन्यांचं खेळतं भांडवल. हळदीचा हंगाम ठरावीक असतो, माल एकदम घ्यावा लागतो. नमुना अहवालात खेळतं भांडवल बहुधा कमी धरलेलं असतं आणि धंदा तिथंच गुदमरतो.

पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) महिला अर्जदार विशेष गटात येते. ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा ५ टक्के. पण ही योजना नव्या उद्योगालाच आहे. आधी उत्पादन सुरू करून मग अर्ज केलात तर बाद. दुसऱ्या सरकारी योजनेतून अनुदान घेतलं असेल तरी बाद. म्हणून अनुदान हवं असेल तर अर्ज आधी, पहिलं पाकीट नंतर. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज स्वीकारणं चालू आहे ना, ते विचारून मगच कागद जमवा. ४५ किलोवर सुरुवात करायची असेल तर मात्र कर्जच नको, हे माझं स्पष्ट मत.

उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे आणि कागद चढवावा लागत नाही. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा. संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन'नं संपतो का ते बघा, शोधात वर दिसणारी बरीच संकेतस्थळं पैसे घेणारी खाजगी असतात. उद्योगाचा कोड १०७९५ टाका (मसाले दळणे व प्रक्रिया). घाईत किरकोळ विक्रीचा कोड टाकला की तुम्ही व्यापारी ठरता आणि व्यापाऱ्याला अग्रक्रम कर्जापलीकडे (बँकांनी प्राधान्यानं द्यायचं कर्ज) फायदे नाहीत.

शेवटची तारीख

आता भावाचं. वाचनालयात सकाळी लवकर जायला सांगा. वृत्तपत्रं वाचायला सभासदत्व लागत नाही, आणि पहिला तास जाहिरातींचा. स्थानिक आवृत्तीतल्या लघुजाहिराती आधी वाचायच्या: पतसंस्था, सूतगिरण्या, साखर कारखाने, शाळा यांच्या जागा बऱ्याचदा तिथंच येतात आणि थेट मुलाखतीला बोलावतात. 'एम्प्लॉयमेंट न्यूज' साप्ताहिक येत नसेल तर मागणी वहीत नोंद करा.

कंपन्यांसाठी एमआयडीसीनिहाय वही करायची: कंपनी, काय बनवते, लेखा विभागात कुणाला भेटायचं. महास्वयं या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नोंद करावी, पण नोंद करून विसरू नये. शिक्षण आणि मोबाइल अद्ययावत नसेल तर रोजगार मेळाव्याचे निरोप येत नाहीत.

लिपिकासाठी टंकलेखन: मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, शासकीय प्रमाणपत्रासह. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत काही महिने जातात, म्हणून जाहिरातीची वाट न बघता भावाला आत्ताच परीक्षेला बसवा. चांगले गुण असलेली मुलं याच एका कागदावाचून मागे राहतात, हे बघून फार वाईट वाटतं.

अर्ज बाद होतात ते बहुतेक नावावरून आणि तारखांवरून. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर. आरक्षणातून अर्ज असेल तर नॉन-क्रीमीलेअर कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते जाहिरातीतल्या अटीशी ताडून बघा. ३१ मार्च ओलांडला की जुनं चालत नाही असं बऱ्याचदा होतं. शेवटच्या दिवशी शुल्क भरायला बसू नका. पैसे खात्यातून जातात आणि अर्जावर 'प्रलंबित' राहतं.

वाचनालयाच्या संगणकावर अर्ज भरताना खाजगी खिडकीत (इन्कॉग्निटो) भरा, पासवर्ड जतन करू नका, उतरवलेली आधारची प्रत पुसून टाका. बायोडेटा युनिकोड मराठीतच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिखल होतो. पाठवताना पीडीएफ.

दाखलनोंद

'शेवटची तारीख' यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त मार्गदर्शक पुस्तकांबद्दल थोडं. अभ्यासिकेतले जाड गाइड घेताना आवृत्तीचं वर्ष बघा. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, आणि कपाटात अजून बहुपर्यायी काळातली पुस्तकं रांगेनं उभी आहेत. पायाभूत अभ्यासाला बालभारतीची पाठ्यपुस्तकं पुरतात, त्यांच्या पीडीएफ फुकट मिळतात. गणित आणि मराठी व्याकरणाला जुनी आवृत्ती चालते, चालू घडामोडी आणि कायद्याला नाही.

येरळाकाठ, तुमच्या वाचनालयाच्या मागणी वहीत या तीन नोंदी तारखेसह करा: समालोचनाचा ताजा अंक, 'एम्प्लॉयमेंट न्यूज', आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं 'उद्योजक' मासिक. खाली सही करा आणि आणखी चार-पाच वाचकांच्या सह्या घ्या. ग्रंथ निवड करताना समितीसमोर ती वही असते. मागणी तोंडी राहिली की नेहमीच्या कादंबऱ्याच येतात.