कॅम्परच्या मागे बुलेट टांगायची? आपल्या रस्त्यांवर तरी नकोच (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव)

तिसरं रेल्वे गेट

कॅम्पर म्हणजे फिरतं घर: जुनी फोर्स ट्रॅव्हलर व्हॅन घ्यायची, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवायची, इथवर ठीक. पण हल्ली बेळगावात जो तो पुढची पायरी विचारतोय: मागे चॅनलचा स्टँड मारून त्यावर बुलेट आडवी चढवली तर? गोव्याला गेलो की व्हॅन एका जागी लावायची आणि बुलेटवर हुंदडायचं. कल्पना झकास आहे. माझा विरोध आहे तो वजनाला.

अमेरिकेत लोक हे करतात कारण तिथं चासीला बोल्टानं जोडलेला तयार हिच (मागे काही जोडायचा लोखंडी सांगाडा) मिळतो आणि त्यावर उभं किती वजन चालेल ते छापलेलं असतं. मधल्या वर्गातल्या हिचवर साधारण २२५ किलो. तेही गाडीच्या कंपनीनं तेवढं मान्य केलं असेल तर. आपल्याकडे आकडा सांगतो वेल्डर, आणि तो असतो "काही होत नाही साहेब".

होतं काय ते बघा. ट्रॅव्हलर ३३५० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, ३३५० मिलिमीटर. नवी बुलेट ३५० भरते १९५ किलो, स्टँडचे ५० धरा, झाले २४५. मागच्या एक्सलपासून बाइकच्या मध्यापर्यंत १.७ मीटर अंतर धरलं, तर मागच्या चाकांवर २४५ नाही, जवळजवळ ३७० किलो वाढतात. वरचे सव्वाशे आले कुठून? पुढच्या चाकांवरून. तरफेचा साधा नियम आहे, आठवीतल्या पोराला विचारा.

आता कणकुंबी सोडून चोर्ला घाट उतरायला लागा. वळवायचं पुढच्या चाकांनी, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच, आणि तीच सव्वाशे किलोनं हलकी. स्टिअरिंग हातात मऊ लागतं, लोकांना वाटतं गाडी छान चालते. रात्री हेडलाइट वर उचललेला, समोरच्याच्या थेट डोळ्यांत.

वर मागचं दार बंद. गॅसची शेगडी असलेल्या गाडीत बाहेर पडायचा एक रस्ता आपणच अडवायचा, आणि त्याच्या तोंडाशी भरलेली पेट्रोलची टाकी ठेवायची! याला काय म्हणायचं?

उद्यमबागचा वेल्डर

आमच्या नावानं बोटं मोडालात, मग आम्ही बोलायलाच पाहिजे. बंपरला स्टँड जोडणारा वेल्डर नव्हेच, तो डबे सांधणारा. काम करायचं तर चासीच्या दोन्ही लांब चॅनलना धरून करायचं. मागून निदान दोन फूट आत प्लेट घ्यायची, वेल्ड न मारता बोल्ट मारायचे, ८.८ ग्रेडचे. चासीवर वेल्ड मारला की तापलेल्या कडेला पुढं मागं चीर जाते, हे आमच्याकडच्या शिकाऊ पोरालाबी ठाऊक हाय.

दुसरं, तुमचा हिशेब बरोबर हाय पण अर्धा हाय. पाण्याची टाकी मागं कोण ठेवायला सांगितलं? शंभर लिटरची टाकी ड्रायव्हरच्या सीटमागं घ्या. पुढच्या एक्सलपासून मीटरभर मागं बसली तर शंभरातले सत्तर किलो पुढच्या चाकांवर परत आले की. बॅटरी, सिलिंडर पण पुढं सरकवा.

आणि युरोपात कॅम्परला वापरतात त्या फियाट डुकाटो व्हॅनची रड इथं लावू नका. ती पुढच्या चाकांनी ओढते, तोंड हलकं झालं की ओल्या चढाला चाक जागच्या जागी फिरतं. ट्रॅव्हलर मागून ढकलते. मागं वजन आलं तर चढाला उलट पकड वाढते.

तिसरं रेल्वे गेट

चढाला वाढते, मान्य. उताराचं काय? आणि तुमचं पाणी परतीच्या वाटेवर संपलेलं असतं, बुलेट मात्र तेवढीच.

कणकुंबीचा भाचा

तुम्ही सगळे तिलकवाडीत बसून बोलालात. एकदा ती ट्रॅव्हलर चिगुळ्याला, पारवाडला घेऊन या की. समोरून एसटी नाहीतर लाकडाचा ट्रॅक्टर आला की मागं घ्यायला जागा नाही. व्हॅन मामाच्या अंगणात लावायची आणि पुढं दोन चाकांवर जायचं, हेच बरोबर. पावसात तर विचारूच नका, रस्ता कुठला आणि वहाळ कुठला कळत नाही. बाइक नको म्हणणाऱ्यांनी व्हॅनच घेऊ नये, हॉटेलात राहावं.

फक्त एक सांगतो. बुलेटच कशाला? टीव्हीएस एक्सएल १०० नव्वद किलोच्या आत आहे. आमच्याकडं त्याच्यावर दोन पोती भात आणि वर माणूस जातो. स्प्लेंडर घेतली तरी ११२ किलो. बुलेट टांगायची ती मित्राला फोटो पाठवायला, गावात फिरायला नव्हे.

खानापूरकर

भाच्याशी सहमत, पण टांगण्याशी नाही. आमच्या ओळखीतल्या एकानं बाइक अशीच नेली होती. दोरी नव्हे, चांगले रॅचेटचे (खटक्यानं आवळायचे) पट्टे होते, चार. चूक कुठं झाली ते ऐका. पट्टे हँडलला लावून पुढचे शॉकप्सर निम्मे दाबून ठेवले होते. लोंढ्याच्या अलीकडं एका बिनरंगाच्या स्पीडब्रेकरवर गाडी आदळली. शॉकप्सर क्षणभर आणखी दबले, पट्टे सैल पडले आणि एकाचा हूक निसटला. पुढचं चाक खोबणीतून अर्धं बाहेर. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न मारमारून थांबवलं म्हणून वाचले.

थांबल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ट्रॅव्हलरच्या सायलेन्सरचं तोंड बरोबर बाइकच्या मागच्या टायरकडं होतं. टायरच्या कडेला हाताएवढा भाग चकाकत होता, नखानं दाबला तर मऊ. हे कुठल्या व्हिडिओत कोणी दाखवत नाही.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी पुढच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये लाकडी ठोकळा घालावा, म्हणजे शॉकप्सर आणखी दबत नाहीत. हूकला तोंड बंद करणारी पत्ती असलेलेच पट्टे घ्यावेत. आणि सायलेन्सरचं तोंड बाजूला वळवून घ्यावं. मी स्वतः तरीही करणार नाही.

केए बावीस

सगळे वजनाचं बोलताहेत, कागदाचं कोणीच नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात मनानं बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर माल मर्यादेबाहेर मागे, पुढे किंवा बाजूला आला तर २०,००० रुपये दंड, शिवाय तो उतरवायचा खर्च तुमच्याच बोडक्यावर. मागची नंबर प्लेट आणि लाल दिवे बाइकमागे झाकले गेले तर तो वेगळा विषय.

आपल्या भागात आणखी एक गंमत आहे. निम्म्या जुन्या ट्रॅव्हलर कोल्हापूरकडून येतात, एमएच ०९ पाटीच्या. दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की कलम ४७ प्रमाणे कर्नाटकचा केए नंबर घ्यायला लागतो. म्हणजे आज ना उद्या गाडी आरटीओसमोर उभी राहणार, पाठीवर तुमचा स्टँड घेऊन. आणि अपघात झालाच तर विमावाला पहिला फोटो त्या स्टँडचा काढणार.

उद्यमबागचा वेल्डर

कायदा म्हणालात तर बुलबारवरबी (पुढच्या लोखंडी गार्डवर) डिसेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी हाय. रस्त्यावर उभं राहून मोजा किती गाड्यांना हाय ते.

केए बावीस

दुसऱ्याला पकडलं नाही म्हणून आपल्याला सोडतील, हा युक्तिवाद संकेश्वरच्या पुढं ट्रॅफिकवाल्याला ऐकवून बघा.

निपाणी-संकेश्वर

ट्रेलर का नको कोणाला? वजन ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर, ट्रॅव्हलरच्या मागे फक्त थोडा भार. पुणे-बंगळूर हायवेवर तवंदी घाटातसुद्धा आरामात जाईल.

कणकुंबीचा भाचा

हायवेवर जाईल हो. चोर्ल्याच्या वळणात तो ट्रेलर मागं घेऊन दाखवा, मामाच्या घरी तुम्हाला कोंबडं कापतो.

केए बावीस

कायद्याच्या लेखी ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच. त्याची वेगळी नोंदणी लागते. गॅरेजमध्ये चार अँगल जोडून दोन चाकं लावली की ट्रेलर झाला असं नाही.

खानापूरकर

गोव्यालाच जायचं तर काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची भाड्याची स्कूटर घ्या आणि मोकळे व्हा. बुलेटच हवी असेल तर एकानं व्हॅन चालवावी, दुसऱ्यानं बुलेट. आमच्यात भांडण असतं ते व्हॅन कोणी चालवायची यावरून.

तिसरं रेल्वे गेट

हा सगळ्यात शहाणा तोडगा. गोव्याचं भागलं. कणकुंबी, जांबोटीच्या आतल्या गावांसाठी भाड्याची स्कूटर मिळत नाही, तिथं भाच्याचा मुद्दा खोडता येत नाही. म्हणून एक्सएलचा हिशेब करून बघितला. ८९ किलो गाडी, ३० किलोचा हलका स्टँड, म्हणजे १२० धरा. पुढच्या चाकांवरून ६० किलो उचलले जातात. बुलेटच्या निम्मे. तरीही साठ किलो म्हणजे एक माणूस पुढून उतरवल्यासारखंच. आणि मागच्या दाराचा प्रश्न जिथल्या तिथं. माझ्या मते एक्सएल व्हॅनच्या आतच जावी. पलंगाची एक बाजू उचलती केली की उभी मावते, वजन दोन एक्सलांच्या मध्ये येतं, स्टँड नको, पोलीस नको.

कणकुंबीचा भाचा

आत पेट्रोलचा वास घेत कोण झोपणार?

तिसरं रेल्वे गेट

झोपताना बाहेर काढायची की. दाबून बांधायची, टाकीत लिटरभरच पेट्रोल ठेवायचं, कॉक असेल तर चढवायच्या आधी बंद, आणि आत असताना शेगडी पेटवायची नाही. तुझ्या मामाच्या अंगणात रात्रभर उभी राहिली तर काय चोरीला जाते?

उद्यमबागचा वेल्डर

आत न्यायची तर उतरण मी करून देतो, घडीची, ॲल्युमिनियमची. बाहेर टांगायची तरी करतो, पण एका अटीवर. आधी गाडी वजनकाट्यावर घ्या. पहिल्यांदा नुसती पुढची चाकं काट्यावर, मग आख्खी गाडी. पाणी, सिलिंडर, बायकापोरं सगळं भरून. दोन्ही चिठ्ठ्या आणा, आरसीवरचं वजन बघू, मग बोलू. चिठ्ठीशिवाय आलेल्यांना मी यापुढं बुलेटचा स्टँड मारणार नाही. आणि बायकोला आधीच सांगून आणा, काट्यावर उभं केलं म्हणून नंतर शिव्या मला बसतात.

खानापूरकर

हे बोललात ते सोळा आणे. रविवारी खानापूर रोडला कुठला काटा उघडा असतो?

निपाणी-संकेश्वर

हंगाम चालू असेल तर कुठल्याही साखर कारखान्याजवळ या. उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत थांबायची तयारी ठेवा, आणि काटेवाल्याला आधीच सांगा दोनदा वजन करायचंय म्हणून, नाहीतर तो पहिल्या चिठ्ठीतच हाकलतो.