मदत हवी आहे: टाकी डोक्यावर, तरी वरच्या बाथरूममध्ये शॉवरला धार नाही

मंडळी, प्लंबिंग आणि भौतिकशास्त्र दोन्ही कळणारं कोणी असेल तर बरं होईल. नुसतं प्लंबिंग कळणाऱ्यांनी मला तीन वेगवेगळे उपाय सांगितलेत आणि तिन्ही खिशाला जड आहेत.

कराडला जुन्या घरावर मजला चढवला. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी, विटांच्या फूटभर ओट्यावर. तळमजल्याच्या बाथरूमला पाणी झकास येतं. वर मात्र हौसेने घेतलेला मोठ्या ताटलीचा शॉवर नुसता ओघळतो. त्यात कोणी बेसिनचा नळ सोडला की तेही बंद. शॉवरखाली दहा लिटरची बादली भरायला शंभरेक सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा लिटर.

मापं अशी: शॉवर फरशीपासून ७ फुटांवर, छत १० फुटांवर, स्लॅब सहा इंच, त्यावर ओटा, टाकीत साधारण २ फूट पाणी. म्हणजे पाण्याची पातळी शॉवरच्या साडेसहा फूट वर. लाइन टाकीतून एक इंची निघते, पण गच्चीवरच अर्धा इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) होते, कठड्याच्या कडेने वळसा घेऊन मागच्या भिंतीने उतरते. बाथरूमपर्यंत चाळीसेक फूट, वाटेत आठ-दहा एल्बो, म्हणजे काटकोनी वळणं.

एक म्हणतो, दोन हजार लिटरची टाकी घ्या, पाण्याचं वजन वाढलं की प्रेशर वाढतं. दुसरा म्हणतो, लोखंडी स्टँड करून टाकी सहा फूट उचला. तिसरा पंप विकायला बसलाय. पहिलं मला पटत नाही, पण का पटत नाही ते त्याच्या गळी उतरेल असं सांगता येत नाही. काय करू?

पाणक्या: अर्धा एचपीचा प्रेशर पंप लावा आणि मोकळे व्हा. कशाला हवं भौतिकशास्त्र?

धागाकर्ता: वीज गेली की परत तेच. शिवाय गरम पाणी सोलरचं आहे, त्याची टाकी वेगळी.

पाणक्या: मग जपून. पंप फक्त गार लाइनीवर बसवलात तर गरम-गार मिसळणाऱ्या मिक्सर नळात गार पाणी गरम लाइनीत उलटं घुसेल आणि सोलरचं पाणी येईनासंच होईल. दोन्ही लाइनींना सारखा दाब हवा. वीज जाते तिथे मीही आग्रह धरणार नाही.

ताकभात: मोठ्या टाकीचं आधी निकालात काढू. दाब म्हणजे घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. यात टाकीची रुंदी कुठेच नाही. जादा पाण्याचं वजन टाकीचा तळ पेलतो, तुमच्या पाइपच्या तोंडावर फक्त वरचा खांब उभा असतो. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिनने हे १५८६ मध्येच लिहून ठेवलंय, तरी दुकानात अजून टाक्या प्रेशरच्या नावावर खपतात. मोठ्या टाकीचा फायदा एवढाच की पातळी लवकर उतरत नाही.

१० मीटर पाणी म्हणजे जवळपास एक बार (दाबाचं एकक). तुमच्या साडेसहा फुटांचे होतात ०.२ बार. तळमजल्याच्या शॉवरला आणखी साडेदहा फूट मिळतात, म्हणजे एकूण ०.५ बार. टाकी तीच, पाणी तेच, फरक निव्वळ उंचीचा.

पण हा दाब पाणी थांबलेलं असतानाचा. वाहायला लागलं की पाइप त्यातला वाटा खातो. किती खातो ते मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा. एक टोक बेसिनच्या नळाला घट्ट बसवा, दुसरं खिडकीतून गच्चीवर नेऊन उघडं ठेवा. बेसिनचा नळ पूर्ण सोडा. शॉवर बंद असताना नळीतलं पाणी टाकीच्या पातळीला आलं पाहिजे. आलं नाही तर लाइनीत हवा धरली आहे. आलं, तर शॉवर सोडा आणि पातळी किती फूट पडते ते टेपने मोजा. पडलेले फूट म्हणजे पाइपने खाल्लेला दाब. गेजची गरज नाही.

वाळूवाला: स्टँडबद्दल एक. हजार लिटर म्हणजे एक टन. ओट्यावर तो पसरलेला असतो, स्टँडवर चार पायांखाली एकवटतो. पाय कॉलमच्या किंवा बीमच्या डोक्यावर येणार नसतील तर नुसत्या स्लॅबवर उभं करू नका. जुन्या घरावर मजला चढवलाय म्हणता, तर आरसीसी करणाऱ्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय तर नाहीच.

धागाकर्ता: ताकभात, केलं. नळी कठड्याला सुतळीने बांधली. शॉवर बंद असताना पाणी टाकीतल्या पातळीच्या रेषेत येऊन थांबलं, म्हणजे हवेची भानगड नाही. मुलीने खालून शॉवर सोडला आणि नळीतलं पाणी सरसरत उतरलं, कठड्याखालून दिसेनासं झालं. वाकून पाहिलं तर स्लॅबच्या वरच्या कडेच्या फूटभर खाली डुचमळत होतं. टेपने चार फुटांच्या किंचित वर. शॉवर बंद केला की पुन्हा जागेवर. शेजारचे काका येऊन पाहून गेले, आता त्यांनाही नळी हवी आहे.

ताकभात: मग उत्तर तुमच्या हातात आहे. साडेसहातले चार-सव्वाचार फूट पाइपनेच खाल्ले, शॉवरच्या वाट्याला जेमतेम सव्वादोन-अडीच.

टाकी सहा फूट उचललीत तर उंची साडेबारा, दाब जवळजवळ दुप्पट. पण पाणी दुप्पट येत नाही. टॉरिचेल्लीने १६४४ मध्ये सांगितलं तसं धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाने वाढतो, आणि पाइपमधलं घर्षणही वेगाच्या जवळजवळ वर्गाने वाढतं. म्हणून पाणी १.४ पट, म्हणजे सहाचे साडेआठ लिटर.

आता पाइप. तेवढंच पाणी वाहत असेल तर घर्षणाचा तोटा आतल्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. अर्धा इंची सीपीव्हीसीचं आतलं भोक साडेबारा मिलिमीटर, एक इंचीचं तेवीसच्या थोडं वर. गुणोत्तर १.८७, त्याचा पाचवा घात बावीस-तेवीस. सव्वाचार फुटांचा तोटा काही इंचांवर येईल, आणि शॉवरला सहाएक फूट मिळतील. हिशोबाने मिनिटाला नऊ लिटरच्या पुढे. टाकी एक इंचही न हलवता स्टँडपेक्षा जास्त पाणी, आणि वाळूवाल्यांच्या एक टनाची काळजी नाही. बेसिन सोडल्यावर शॉवर मरतो तोही याच अर्ध्या इंचामुळे.

एल्बो शक्य तिथे कमी करा. आणि ती ताटली उतरवून छोटा शॉवर लावला तरी बरं, इतक्या कमी दाबावर एवढी भोकं भरून वाहत नाहीत. हौस मोडायची तयारी नसेल तर आधी पाइप बदलून बघा.

धागाकर्ता: गच्चीपासून बाथरूमच्या भिंतीपर्यंत एक इंची टाकायचं ठरवलं. भिंतीतले शेवटचे चार-पाच फूट टाइल फोडल्याशिवाय बदलता येणार नाहीत. आणि प्लंबर एअर व्हेंट (लाइनीतल्या हवेसाठीचा उघडा पाइप) हवाच म्हणतो, तो कुठे?

ताकभात: भिंतीतला राहू द्या, चार-पाच फुटांनी बिघडत नाही. व्हेंटबाबत त्याचं खरं आहे. टाकीतून बाहेर पडल्यावर व्हॉल्व्ह, त्याच्या लगेच पुढे टी (तीन तोंडांचा जोड), तिथून पाइप सरळ वर, टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा फूटभर उंच. ओव्हरफ्लोच्या खाली ठेवलात तर टाकी भरली की व्हेंटमधूनच पाणी गच्चीवर. तोंड खाली वळवून डासांची जाळी बांधा.