रेडिएटरमधला कूलर लगेच बायपास नका करू

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल थंड करायला बाहेरचा कूलर लावला की रेडिएटरमधला बायपास करून टाका, म्हणजे तेल त्यातून नेऊच नका, असं वर दोघांनी लिहिलंय, फक्त ड्रॅग स्ट्रिपवर जाणाऱ्या गाडीला ते ठीक आहे हो, पण इथे ज्याने विचारलंय त्याची १९९९ ची शेवरलेट कॅमॅरो झेड२८ आहे, ४एल६०ई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि ती रोज ऑफिसला जाते तेही मिशिगनमध्ये. जानेवारीत तिथे तेल नीट तापणारच नाही आणि तेल थंड असलं की कॉम्प्युटर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक करत नाही, मग हायवेला आरपीएम उगाच वर. त्यापेक्षा आधी रेडिएटर, मग बाहेरचा स्टॅक्ड प्लेट (एकावर एक चपट्या प्लेट्सचा) कूलर, तिथून परत गिअरबॉक्स. मध्ये थर्मोस्टॅट (तेल थंड असताना ते बाहेरच्या कूलरकडे जाऊ न देणारा) टाकला तर सोन्याहून पिवळं. हां, आधीचा गिअरबॉक्स फुटून रेडिएटरमधल्या कूलरमध्ये धातूचा चुरा गेला असेल तर मात्र बायपासच बरा.

एक गोष्ट कुणी बोललंच नाही, स्कॅनरवर दिसतं ते पॅनमधलं (गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठतं तिथलं) तापमान, म्हणजे कूलरमधून फिरून आलेल्या तेलाचं. हाय स्टॉल (जास्त आरपीएमला पकड घेणाऱ्या) कन्व्हर्टरमधून निघणारं तेल त्याहून बरंच गरम असतं, त्यामुळे पॅनमध्ये १८० फॅरनहाइट बघून खूश होऊ नका, बाहेर जाणाऱ्या लाईनवर वेगळा सेन्सर लावा. जाणारी लाईन कुठली ते कळत नसेल तर दोन्ही सोडवून बादलीत धरा आणि इंजिन दोन-तीन सेकंद चालू करा, जिच्यातून तेल उडेल ती. आणि कूलरसोबत येणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या फिन्समधून आरपार घालून कूलर टांगू नका प्लीज, हादऱ्यांनी घासून एसीचा कंडेन्सर गळायला लागतो, पत्र्याचे ब्रॅकेट करून घ्या.