घाटातल्या शर्यतींची जपानी मांगा: गाड्यांची आवड नसलेल्यांनी ती का वाचावी?

गोदाकाठ (परभणी) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचक मंडळात दर महिन्याला एका पुस्तकावर चर्चा होते. या वेळी तरुण सभासदांनी शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या जपानी मांगाचे (म्हणजे चित्रकथेचे) नाव सुचवले आहे. १९९५ ते २०१३ या काळात ती जपानमधील एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे ४८ खंड आहेत, एवढी माहिती मला मिळाली. मंडळात निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि शेतकरी अधिक आहेत. इंजिनाचे कौतुक त्यांना सांगून उपयोग नाही, आणि रात्रीच्या वेळी सार्वजनिक रस्त्यावर मुलांनी लावलेल्या बेकायदा शर्यती हा विषय ऐकताच काहींनी नाकही मुरडले. ज्याला गाडीतले काही कळत नाही, अशा वाचकाला या कथेत धरून ठेवणारे नेमके काय आहे? कृपया गाड्यांचे शौकीन म्हणून नव्हे, तर वाचक म्हणून उत्तर द्यावे.

बालाघाट (अंबाजोगाई) यांचे उत्तर

मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, तरीही ही मालिका मी आवडीने वाचली, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

कथेचा नायक ताकुमी फुजिवारा हा गुन्मा प्रांतातल्या एका टोफू विक्रेत्याचा मुलगा आहे. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेला, पनीरसारखा दिसणारा मऊ पदार्थ. (सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या भागाला हे सांगावे लागते, हे नवलच.) परवाना मिळण्याच्या वयाच्या कितीतरी आधीपासून हा मुलगा पहाटे उठून अकिना नावाच्या डोंगरावरच्या हॉटेलात टोफू पोचवतो आणि अंधारातच रिकाम्या गाडीने घाट उतरून घरी येतो. अकिना हे नाव कल्पित असले, तरी तो डोंगर गुन्मातल्या हारुना पर्वतावरून घेतलेला आहे. निघताना वडील बुंता पाण्याने भरलेला पेला गाडीत ठेवून देतात; पाणी सांडता कामा नये, एवढीच अट. पाणी सांडले नाही, तर टोफूही मोडणार नाही. वळणावर पेल्यातले पाणी कडेपर्यंत चढते, गोल फिरते आणि पुन्हा खाली बसते, ते चित्र मुद्दाम पाहावे. चालकाचे सारे कौशल्य त्यात दिसते आणि त्यासाठी वाचकाला यंत्राचे एक अक्षरही कळावे लागत नाही.

या मुलाला गाडी चालवण्याचा कंटाळा आहे. त्याच्या दृष्टीने ते झोपमोड करणारे घरचे काम आहे, आणि आपण ते काम असामान्य रीतीने करतो, याची त्याला जाणीवही नाही. घरच्या धंद्यात राबताना हाताला वळण लागलेल्या आणि त्याचे मोल इतरांकडून कळलेल्या मुलाची ही गोष्ट आहे. आपल्या मंडळातल्या शेतकऱ्यांना ती परकी वाटणार नाही, असे मला वाटते.

पाना-पक्कड (लातूर) यांचे उत्तर

माझा व्यवसाय गॅरेजचा आहे, त्यामुळे थोडे यंत्राविषयी लिहितो. पण ते कथेच्याच ओघात आहे.

ताकुमीची गाडी टोयोटाची ‘स्प्रिंटर ट्रुएनो’, म्हणजे ‘एई ८६’. हे मॉडेल १९८३ साली बाजारात आले, म्हणजे कथा सुरू होते तेव्हाच ते जुने झालेले आहे. १.६ लिटरचे इंजिन आणि सुमारे १३० अश्वशक्ती. तिच्यासमोर येते २८० अश्वशक्तीची निस्सान ‘स्कायलाइन जीटी-आर’. सपाट रस्त्यावर ही शर्यत होऊच शकत नाही. लेखकाची हुशारी अशी की त्याने ती उतारावर लावली. उतारावर गाडीला ओढ मिळतेच, ताकदीचे महत्त्व घटते आणि वजनाचे वाढते. ट्रुएनो टनाच्या आत आहे आणि जीटी-आर जवळपास दीड टनाची. कन्नडचा घाट ज्याने एकदा तरी उतरला आहे, त्याला तापलेल्या ब्रेकचा वास ठाऊक असतो. जड गाडीचे टायर आणि ब्रेक शेवटच्या वळणांपर्यंत थकतात, आणि शर्यत तिथेच फिरते. दुबळा जिंकतो तो चमत्काराने नव्हे, कारणाने जिंकतो, आणि ते कारण आधीच्या पानांत सांगून ठेवलेले असते.

पुढे एका शर्यतीत दोन्ही चालकांचा उजवा हात चिकटपट्टीने स्टिअरिंगला बांधला जातो. चाक हवे तितके फिरवताच येत नाही, तेव्हा ते कमीत कमी फिरवून गाडी वळवण्याची युक्ती ताकुमीला शोधावी लागते. असले प्रसंग वाचताना कोडे सुटल्याचा आनंद मिळतो.

रोखठोक (बीड) यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु कौतुकाच्या भरात काही गोष्टी झाकल्या जाऊ नयेत. गाड्या जितक्या काटेकोर काढल्या आहेत, तितके चेहरे काढलेले नाहीत. कित्येक माणसे एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. स्त्री-पात्रांना फारसा वाव नाही. नात्सुकी या मुलीचे पैशांसाठी एका वयस्क माणसाबरोबर जाणे हा गंभीर विषय लेखकाने उघडला खरा, पण तो त्याला पेलला नाही. उसुई खिंडीत गाडी चालवणारी माको आणि शेजारी बसून तिला वळणे सांगणारी सायुकी हा सुखद अपवाद. मात्र त्या दोघी फार लवकर दृष्टीआड होतात. उत्तरार्धात संघ करून प्रांतोप्रांतीच्या घाटांत आव्हाने देणे सुरू होते, तेव्हा तोच तो क्रम वाचून कंटाळा येतो. पोलीस तर जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळे बेकायदेशीरपणाचा प्रश्न कथेत खऱ्या अर्थाने उभाच राहत नाही. नाक मुरडणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही.

तरीही सामान्य वाचकाला ही मालिका का कळते, याचे एक कारण अजून कोणी मांडलेले नाही. शंकरपटाला जमलेल्या गर्दीत दावणीला बैलजोडी असणारे थोडेच असतात. पण धावपट्टीच्या कडेला एखादा जाणता म्हातारा उभा असतो आणि कोणता बैल आत ओढतो आहे, हे तो सांगू लागला की नवख्यालाही शर्यत दिसू लागते. शिगेनो यांनी असे जाणते घाटाच्या वळणावळणावर उभे केले आहेत. पेट्रोल पंपावरचे मित्र, हरलेले प्रतिस्पर्धी, वैद्यकीय शिक्षण घेणारा आणि प्रत्येक शर्यतीचे गणित मांडणारा र्योसुके ताकाहाशी हे सारे आपल्या वतीने पाहतात, अंदाज बांधतात आणि चुकतात. ट्रुएनोची आतली चाके रस्त्याकडेच्या गटारात उतरवून ताकुमी वळण घेतो, तेव्हा त्यांनाही क्षणभर काही कळत नाही. नवखा वाचक आणि तज्ज्ञ तिथे एकाच पातळीवर येतात.

गोदाकाठ (परभणी)

सर्वांचे आभार. ४८ खंड एका महिन्यात होणार नाहीत. मग कुठपर्यंत वाचावे?

बालाघाट (अंबाजोगाई) यांचे उत्तर

र्योसुकेबरोबरच्या शर्यतीपर्यंत वाचून चर्चा ठेवावी. त्या शर्यतीचा निकाल पुढच्या टायरांच्या झिजेवर ठरतो आणि तोपर्यंत सर्व मुख्य पात्रांची ओळख झालेली असते. ज्यांना रुची वाटेल, त्यांनी पुढे ट्रुएनोचे इंजिन फुटते तिथपर्यंत जावे. बुंताने बसवलेल्या नव्या इंजिनाशी मुलाचे आधी जुळत नाही, आणि वडील काहीही समजावून सांगत नाहीत, तो भाग मला सर्वांत आवडला. एक सूचना मात्र सभासदांना आधीच द्यावी: पाने उजवीकडून डावीकडे वाचायची आहेत, आणि चौकटींचाही क्रम तोच आहे.