नेसणं, घालणं, पांघरणं: वयाबरोबर बदलणारे कपड्यांचे शब्द

अक्षरवेल:
दोन प्रश्न एकदमच विचारते. शिवून मिळणारी नऊवारी नेसायची की घालायची? आणि दुसरा जरा मोठा. मराठीत कपड्याचं नाव काढलं की बऱ्याचदा माणसाचं वयही कळतं. कुंची म्हटलं की तान्हं मूल, परकर-पोलकं म्हटलं की शाळकरी मुलगी, लुगडं म्हटलं की आजी. असे शब्द, त्यांची क्रियापदं आणि तो कपडा प्रत्यक्षात कसा असतो, हे एका जागी हवं आहे. कपडा डोळ्यांसमोर आला नाही तर नुसत्या अर्थाचा फार उपयोग होत नाही.

कोशवाचक:
क्रियापदांपासून सुरुवात करतो. न शिवलेलं वस्त्र कमरेभोवती घ्यायचं असेल तर नेसणं: लुगडं, साडी, धोतर, पंचा, सोवळं. शिवलेलं असेल तर घालणं: झबलं, सदरा, पोलकं, पायजमा. खांद्यावरून किंवा अंगावरून घ्यायचं तर पांघरणं: शाल, घोंगडी. पदर आणि उपरणं मात्र घेतात, फेटा बांधतात. नेसणे हे संस्कृत नि + वस् (अंगावर धारण करणं) यावरून आलं आणि पांघरूण हे प्रावरणावरून, प्राकृतातून. घालणे हा मुळात सगळीकडे चालणारा शब्द. मीठ घालतात, रांगोळी घालतात, तसा सदराही घालतात. नेसण्याला एवढी मोकळीक नाही.

व्याकरणातही फरक आहे. "तिने झगा घातला" यात क्रियापद झग्याच्या लिंगाप्रमाणे चालतं. "ती लुगडं नेसली", "तो धोतर नेसला" यात ते नेसणाऱ्या माणसाप्रमाणे चालतं. कर्म असूनही कर्त्याला "ने" लागत नाही. "तिने साडी नेसली" हल्ली सर्रास ऐकू येतं, पण "ती साडी नेसली" हेच रूढ रूप आहे आणि ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. "नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली" म्हणतात, "घालत्या" कुणी म्हणत नाही.

एक अपवाद नोंदवून ठेवा. परकर शिवलेला असतो, नाडीचा असतो, तरी तो नेसतात.

कासोटा:
परकराचं आणखी एक आहे. लहान मुलीचा परकर हे बाहेरचं वस्त्र, खणाचं किंवा काठापदराचं, लोकांनी बघावं असं. ती मोठी होऊन गोल साडी नेसू लागली की त्याच नावाचं वस्त्र साडीच्या आत जातं. नऊवारी परकराशिवायच नेसतात, कारण काष्टा घातल्यावर दोन्ही पायांना वेगवेगळा आडोसा मिळतो. आतला परकर लागतो तो गोल नेसणीला, निऱ्या खोचायला आधार हवा म्हणून. वयाबरोबर शब्द तोच राहून कपडा बाहेरून आत गेल्याचं हे मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण.

वयाशी जोडलेला दुसरा शब्द पदर. "मुलीला पदर आला" म्हणजे ती वयात आली. इथे कपड्याचं नाव हेच वयाचं नाव झालं आहे.

मापांबद्दलही थोडं, कारण त्यात फार गोंधळ होतो. एक वार म्हणजे 36 इंच, 91.44 सेंटीमीटर, म्हणजेच दोन हात. नऊवारी म्हणजे अठरा हात, सुमारे 8.23 मीटर. जिला आपण पाचवारी म्हणतो ती आज बाजारात साधारण 5.5 मीटर मिळते, म्हणजे ती हिशेबाने सहावारीच आहे. खरी पाचवार साडी 4.57 मीटरचीच होईल. म्हणून एकाच साडीला एका घरात पाचवारी म्हणतात आणि शेजारच्या घरात सहावारी. शब्दकोशात दोन्ही द्यावेत, पण अर्थ "गोल नेसायची साडी" असा द्यावा, लांबीवरून देऊ नये. लुगडं म्हणजे नऊवारी, काष्ट्याची. पातळ हा शब्द अनेक घरांत रोजच्या हलक्या सुती साडीसाठी चालतो.

मांडवी:
गोव्याकडची भर. कोंकणीत साडीला कापडच म्हणतात आणि क्रियापद न्हेसप, म्हणजे आपलंच नेसणं. कुणबी बायकांच्या नेसणीत पदराची गाठ खांद्यावर मारतात, तिला देठली म्हणतात. ही नेसण अंगमेहनतीची. गाठ असल्यामुळे शेतात वाकताना पदर सावरावा लागत नाही.

धावदोरा:
शिवलेल्या नऊवारीबद्दल शिवणाऱ्या माणसाच्या बाजूने सांगते. ती उघडून पाहिली की उत्तर मिळतं. कमरेला नाडी किंवा हुकाचा पट्टा, पुढच्या निऱ्या टिपेने पक्क्या केलेल्या, पायजम्यासारखे दोन पाय, मागे काष्टा शिवून टाकलेला. मोकळा राहतो तो फक्त पदर. म्हणजे पाय घालायचे, नाडी बांधायची आणि पदर घ्यायचा. यात नेसणं कुठेच येत नाही. ती घालतात.

ती बिघडते ती बहुतेक वेळा आसनात. आसन म्हणजे पुढच्या कमरेपासून दोन पायांमधून मागच्या कमरेपर्यंतचं माप. हे उभ्याने घेतलं आणि तेवढंच कापलं तर मंगळागौरीत फुगडी घालताना किंवा मांडी घालून बसताना शिवण उसवते. माप खुर्चीवर बसवून घ्यावं, वर 5 ते 7 सेंटीमीटर सैलपणा द्यावा आणि आसनाच्या शिवणीला दोन टिपा माराव्यात. दुसरी चूक लांबीची. चप्पल घालून माप घेतलं नाही तर पुढच्या निऱ्या घोट्याच्या वर चढतात.

आता वयाचं. नेसायची साडी एका बाईच्या अंगावर विसाव्या वर्षी बसते, गरोदरपणात बसते आणि सत्तराव्या वर्षीही बसते. गाठ कुठे मारायची आणि निऱ्या किती घ्यायच्या एवढंच बदलतं. सासूची साडी सून नेसते, मापाचा प्रश्नच येत नाही. शिवलेली नऊवारी एकाच अंगाची, एकाच वर्षाची असते.

अक्षरवेल:
पण शिवलेल्या कपड्यातही वाढीची सोय असते ना? शिंपी "माया ठेवा" म्हणतात तो शब्द मला हवा होता.

धावदोरा:
हो, माया. शिवणीच्या आत जादा ठेवलेलं कापड म्हणजे माया. "माया ठेवली आहे का?", "माया सोडून टीप मार" असं म्हणतात.

ब्लाउजचा हिशेब असा. दोन्ही कुशींना, म्हणजे बाजूच्या शिवणींना, पुढचं आणि मागचं मिळून कापडाच्या चार कडा येतात. प्रत्येक कडेला 2.5 सेंटीमीटर माया ठेवली तर कागदावर 10 सेंटीमीटर होतात, पण शेवटची टीप टिकायला कडेला किमान पाऊण सेंटीमीटर राहावंच लागतं. म्हणजे ब्लाउज खरोखर वाढतो तो सुमारे 7 सेंटीमीटर. आत दोन-तीन समांतर टिपा आधीच मारून ठेवल्या की अंग भरेल तशी एकेक उसवत जाता येते. लोक चुकतात ते इथे: कूस सोडतात आणि बाही तशीच ठेवतात. मग मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, काखेत काचतो. मुंढ्याची आणि बाहीची शिवण कुशीबरोबरच सोडायला हवी, त्यामुळे माया बाहीतही हवी.

मुलींच्या परकराला माया खालच्या दुमडीत ठेवतात, 8 ते 10 सेंटीमीटर. शिवाय मधे एक-दोन आडवे टक, म्हणजे शिवून ठेवलेल्या चुण्या, घालतात. मुलगी वाढली की आधी टक सोडायचे, मग दुमड. सोडल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते आणि आतलं कापड न विटल्यामुळे गडद दिसतं. तिथे काठाची पट्टी लावतात. जुन्या परकरावर घेराच्या वर एक जादा पट्टी दिसली की मुलगी किती वाढली ते तिथेच मोजता येतं. "वाढत्या अंगाचे" कपडे म्हणतात ते हेच.

कोशवाचक:
पुरुषांच्या बाजूचे दोन शब्द जोडतो. धोतर जोडीने विणलेलं मिळतं. त्यातलं एक म्हणजे पान. "धोतराचं एक पान फाटलं" हे वाक्य आता समजावून सांगावं लागतं. आणि दुटांगी धोतर म्हणजे सोगा (धोतराचं सुटं टोक) न सोडता दोन्ही बाजू मागे खोचून नेसलेलं, कामकऱ्याचं. सोगा सुटलेला असला की माणूस कामावर नाही, एवढं लांबूनही ओळखू यायचं.

आलवण हा शब्द अर्थासकट कोशात राहिलाच पाहिजे. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला नेसावं लागे ते लाल लुगडं. वय वीस असो की साठ, वस्त्र तेच. कपड्याने बाईचं वयच पुसून टाकल्याचं इतकं क्रूर उदाहरण दुसरं सापडणार नाही, आणि आजच्या वाचकाला हा शब्द नुसता "एक प्रकारचं वस्त्र" एवढाच कळून चालणार नाही.

कासोटा:
आणि आज वयाचा क्रम उलटा झाला आहे हेही नोंदवा. डोंबिवली, ठाणे, गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी दिसते ती तरुण मुलींच्या अंगावर, आणि घरची आजी गाउन किंवा पंजाबी ड्रेस घालते. तेव्हा "लुगडं म्हणजे आजी" हा अर्थ पुढच्या पिढीला लागू पडेलच असं नाही. नऊवारी हा सणाचा शब्द होतो आहे, लुगडं हा आठवणीचा.

धावदोरा:
माणसाच्या वयाचे शब्द झाले, आता कापडाच्या वयाचे. मला हे जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण यातलं काम थांबलं की शब्दही जातात.

कोरं म्हणजे पाण्यात न पडलेलं, खळ असलेलं. कोरं मांजरपाट रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापावं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि टिपा गोळा होतात. मग येतं रोजचं, अंगावरचं. वापरून विरलेल्या लुगड्याला जुनेर म्हणतात. लुगडं आधी बसण्याच्या जागी विरतं, काठ आणि पदर शाबूत असतात. तेव्हा विरलेला भाग आडवा कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे, याला दंड घालणं म्हणतात. जोडताना काठाला काठ नेमका जुळवायचा, एक कड दुसरीवर दुमडून दोन टिपा घालायच्या आणि नेसताना ती शिवण काष्ट्यात किंवा निऱ्यांच्या आत जाईल असं बघायचं. नुसती कड जोडून एकच टीप घातली तर ओचा (पुढच्या निऱ्या) खोचताना ताण पडून तिथेच पुन्हा फाटतं. विरलेल्या भागाला लागून कापलं तरी तेच होतं. चार बोटं चांगल्या कापडात जाऊन कापायचं. नऊ वारांतला एक वार गेला तरी आठ वारांत नेसणं होतं.

दंडही टिकेनासा झाला की धडपा, म्हणजे लुगड्याचा उरलेला तुकडा. मग चिरगुट, आणि शेवटी पोतेरं, जमीन सारवायचं फडकं. ठिगळ वेगळं. ते भोकावर वरून लावतात.

अक्षरवेल:
आणि बाळंतविड्यात जुनेरच लागतं, ते का?

धावदोरा:
कोऱ्या कापडाची खळ आणि ताठपणा तान्ह्याच्या कातडीला टोचतो. अनेक धुण्यांत खळ जाते, सूत मोकळं होतं, आणि असं कापड पाणीही पटकन शोषतं. लंगोटासाठी साधारण 60 सेंटीमीटरचा चौकोन कोनातून दुमडला की दुहेरी त्रिकोण होतो. दुपट्यासाठी 90 सेंटीमीटर चौरसाचे दोन-तीन थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने टाके घालतात. जरीचा काठ आधी कापून टाकावा, तो ओरखडतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी कितीही जुनी झाली तरी चालत नाही. ती पाणी शोषत नाही आणि बाळ ओलंच राहतं. कुंची मात्र नव्या, भरजरी कापडाची करतात. ती बारशाला थोडा वेळ घालायची असते, रोजची नाही.

मांडवी:
वयाच्या दुसऱ्या टोकासाठी शब्द आहे का? अंथरुणाला खिळलेल्या किंवा खांदा आखडलेल्या माणसाच्या कपड्यांसाठी?

धावदोरा:
वेगळं नाव माझ्या कानावर आलेलं नाही. क्रियापदं मात्र आहेत. साडी नेसवतात, सदरा अंगात घालतात, पांघरूण घालतात. काम असं: पाठीला हुक असलेला ब्लाउज टाळावा, पुढून पूर्ण उघडणारा शिवावा. हुकांऐवजी टिच बटणं किंवा वेल्क्रो, कारण थरथरत्या बोटांना हुक सापडत नाही. बाही नेहमीपेक्षा 4 ते 5 सेंटीमीटर सैल. घालताना आखडलेला हात आधी, काढताना तो शेवटी. परकराच्या बारीक नाडीने कमरेला वळ उठतात, तिथे 5 सेंटीमीटर रुंद पट्टा लावावा. साडीच नेसायची असेल तर ती 4.5 मीटरवर कापून कडा दुमडून घ्यावी. निऱ्या तीन-चारच येतात, पायात घोळ अडकत नाही आणि वजनही कमी होतं.

कोशवाचक:
4.5 मीटर म्हणजे जवळपास पाच वार. तेव्हा कासोटा, तुमच्या मापांच्या नोंदीत पाचवारीचा हा अर्थही घाला.