मुलाखतींचं कोडिंग: दोनशेच्या वर कोड झाले, आता पुढे काय?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. पीएचडीसाठी रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या अठरा मुलाखती घेतल्या आहेत. ओळीओळीने कोडिंग करत गेले, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला अर्थाचं छोटं नाव (कोड) देत गेले, आणि आता कोडांची यादी दोनशेच्या वर गेली. निम्मे कोड एकदाच आलेत, 'ताण' मात्र जिकडेतिकडे. गाईड म्हणतात, दुसऱ्या कुणाकडून थोडा मजकूर कोड करून घे आणि कॅपा (दोघांचं कोडिंग किती जुळतं त्याचा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळतं) काढ, नाहीतर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, धुतील. मैत्रिणीने शंभर तुकडे कोड करून दिले. एका महत्त्वाच्या कोडवर आमचं चौऱ्याण्णव तुकड्यांत एकमत आहे, तरी कॅपा ०.३७! सिनॉप्सिसमध्ये मी 'थीमॅटिक अ‍ॅनालिसिस, ब्रॉन आणि क्लार्क २००६' असं लिहून बसले आहे. या ढिगातून थीम (कोडांना एकत्र बांधणारी सूत्रं) काढायच्या कशा? एनव्हिवो हे कोडिंगचं सॉफ्टवेअर घ्यावंच लागेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

शाईची दौत:
कॅपाचं आधी सांगते, ते गणित आहे, पटकन मिटेल. तुमच्या आकड्यांवरून अंदाज करते: तो कोड तुम्ही पाच तुकड्यांना लावला, मैत्रिणीनेही पाचांना, आणि दोघींचा जुळला फक्त दोन ठिकाणी. उरलेल्या ब्याण्णव तुकड्यांत तो कोड दोघींनाही दिसला नाही, म्हणून बेरीज चौऱ्याण्णव. पण इतका विरळ कोड डोळे मिटून लावला असता तरी साडेनव्वद टक्के एकमत झालंच असतं. कोहेन यांचा १९६० सालचा कॅपा हे योगायोगाचं एकमत वजा करतो, म्हणून ०.३७. म्हणजे आकडा खोटं बोलत नाहीये. एकीला तरी कोड दिसला असे तुकडे आठ, त्यांतल्या सहांवर तुमचं पटलेलं नाही. ते सहा तुकडे समोर ठेवून मैत्रिणीशी तासभर भांडा, त्यातून जे कळेल ते कॅपाने कळणार नाही.

आता मूळ प्रश्न: तुम्हाला कॅपा हवाच कशाला? ब्रॉन आणि क्लार्क यांनी पुढे स्पष्टच म्हटलंय की त्यांच्या पद्धतीत संशोधकाची नजर हेच हत्यार आहे. दोन माणसांनी एकच कोड लावावा ही तिथे अपेक्षाच नाही. २०१९ पासून ते तिला 'रिफ्लेक्सिव्ह' थीमॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणतात, आणि थीम आपोआप वर येतात या भाषेवर त्यांचा राग आहे. सिनॉप्सिसमध्ये त्यांचं नाव आणि प्रकरण तीनमध्ये कॅपा, ही खिचडी परीक्षक बरोबर पकडतात. गाईडना हे दाखवा. (ऐकतील याची हमी मी देत नाही.)

दोनशे कोडांचं दुखणं वेगळं वाटतंय. एखादा तुकडा इथे टाकाल का?

आकडेमोड:
दौतताई, थोडं असहमत. आम्ही आरोग्यसेवेच्या प्रकल्पावर तिघं मिळून कोडिंग करतो. तिथे कोडबुक लागतं: कोडची व्याख्या, कधी लावायचा, कधी नाही, एक नमुना उतारा. नाहीतर तिघांचे तीन 'ताण' होतात. आम्ही कॅपा काढतोच. फक्त ०.६१ च्या वर म्हणजे 'चांगलं' हा लँडिस आणि कॉख यांचा १९७७ चा तक्ता देवाची वाणी असल्यासारखा कुणी वापरू नये; त्या सीमारेषा आपण सोयीसाठी आखल्या आहेत असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

शाईची दौत:
मान्य. टीम असेल आणि कोडबुकचा रस्ता धरला असेल तर जरूर काढा. रात्रपाळी मात्र एकट्याच आहेत.

रात्रपाळी:
हा घ्या तुकडा. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.
"बीपी उतरतंय हे मी दोनदा फोन करून कळवलं. पलीकडून नुसतं हो हो. आता सांगून काय करणार? मी आपली रजिस्टरमध्ये वेळ टाकून लिहून ठेवते. उद्या काही झालं तर मी कळवलं होतं हे तिथे दिसेल."
माझे कोड: ताण, संवादाचा अभाव, कागदपत्रं, डॉक्टर-परिचारिका संबंध.

शाईची दौत:
हे चारही कोड मुलाखत न वाचताही लावता आले असते. ही विषयांची नावं झाली. बाईंनी काय केलं ते कुठेच आलं नाही.

पुन्हा वाचा. संवादाचा अभाव कुठे आहे? फोन दोनदा झालाय, उत्तरही मिळालंय. म्हणून कोड: 'होकार मिळतो, कृती होत नाही'. पुढे रजिस्टर. ती नोंद पेशंटच्या उपचारासाठी चाललेली नाही, उद्याच्या चौकशीसाठी चालली आहे. कोड: 'कळवल्याचा पुरावा राखणे'. आणि फोन त्या एका रात्रीचा आहे, रजिस्टरचं मात्र रोजचं आहे. म्हणजे असं पूर्वीही घडलंय, त्यातून ही सवय लागली. याची मेमो, म्हणजे स्वतःसाठीचं टिपण, लगेच लिहा, तारीख टाकून.

आता उरलेल्या मुलाखतींत लिखाणाचा उल्लेख शोधा. कोण पेशंटसाठी लिहितं, कोण स्वतःला वाचवायला? 'मी काही लिहीत बसत नाही' म्हणणारी एखादी भेटली तर तिच्यापाशी थांबा, ती सगळ्यात मोलाची. हे सगळं धरून 'रात्री एकट्या पडलेल्या परिचारिका नोंदवहीला ढाल करतात' असं काही म्हणता आलं तर ती थीम. ते विधान कुणी खोडू शकतं, म्हणून त्याला अर्थ आहे. 'कागदपत्रं' हा शब्द कोण खोडणार?

एनव्हिवो, अ‍ॅटलास काहीही घ्या, विचार तुम्हालाच करायचाय. अठरा मुलाखतींना टॅगेट पुरे, ते फुकट आहे.

रात्रपाळी:
कळलं, आणि धडकीही भरली. मग 'ताण' उडवून टाकू? शिवाय अठराच का, असं विचारलं तर?

शाईची दौत:
उडवू नका. 'ताण'खालचे सगळे तुकडे एकदम काढून सलग वाचा आणि फोडा. झोपेचा, जबाबदारीचा, घरी ऐकावं लागण्याचा, असे वेगवेगळे निघतील. काही तर ताण नसून राग असतील.

आकडेमोड:
अठराचं: गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या साठ मुलाखतींवर दाखवलं की बहुतेक कोड पहिल्या बारांतच येऊन गेले होते. पण त्यांचा गट बराच एकसारखा होता आणि प्रश्न सगळ्यांना तेच. तुमच्यात आयसीयू आणि जनरल वॉर्ड दोन्हीकडच्या असतील तर नुसता बाराचा आकडा फेकू नका, प्रत्येकीकडच्या किती ते आधी सांगा.