पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी बाबांची तयारी कशी करून घेऊ?

रावेरकर
बाबा ६४ वर्षांचे, अजून केळीच्या बागेत स्वतः जातात. मोठ्या आतड्याचा भाग काढायचाय, जळगावला, पोट उघडून. चिरा बेंबीच्या वरपर्यंत जाणार. तारीख पुढच्या महिन्यात. मेडिकलवरून श्वास ओढायचं यंत्र आणलंय, श्वास ओढला की आतल्या प्लास्टिकच्या तीन गोळ्या वर जातात ते. काका म्हणतात, नंतर आठवडाभर पलंगावरून उतरू द्यायचं नाही आणि डाळ बंद, टाके पिकतात. बाबांची बिडी चालूच आहे. यातल्या कशाला पुरावा आहे?

फिजिओ_धुळे
दादा, आधी यंत्राचं सांगते. वॉर्डात रोज बघते, गोळ्या वर गेल्या की नातेवाईक खूश, पण पेशंट खोकायला घाबरतोच. २०१४ च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन म्हणजे सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशननंतर या यंत्राचा वेगळा फायदा दिसला नाही, पुरावाही कमी दर्जाचा होता. आणलंय तर वापरा, त्याच्या भरवशावर राहू नका.

याउलट २०१८ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एक चाचणी आली. ४४१ पेशंट, ऑपरेशनं बाबांसारखीच मोठी. माहितीची पुस्तिका सगळ्यांना दिली. निम्म्यांना त्याशिवाय ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने अर्धा तास समोर बसून श्वास आणि खोकला शिकवला. न्यूमोनियासारखा छातीचा त्रास नुसत्या पुस्तिकेवर २७ टक्के लोकांना झाला, शिकवलेल्यांत १२ टक्के. अर्ध्या तासात एवढा फरक! आणि आपल्याकडे ऑपरेशनआधी फिजिओकडे क्वचितच कुणी पाठवतं. तुम्ही स्वतःहून मागा, हक्काने मागा.

चिरा दुखतो म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साचतो. म्हणून शुद्धीवर आल्यापासून, जागे असेपर्यंत दर तासाला दहा संथ खोल श्वास, मग उशी पोटावर घट्ट धरून तीनदा खोकायचं, पुन्हा एकदा तसंच. सराव आत्ताच घरी करा. दुखत असताना नवीन काही शिकता येत नाही.

काकांना समजवा: पडून राहिलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. सर्जननी हो म्हटलं की दुसऱ्या दिवशीच उभं करायचं. बिडी आजच बंद. निदान चार आठवडे आधी सोडली तर छातीचा आणि जखमेचा त्रास कमी होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अमळनेरचा_ओटीवाला
ताईंचं सगळं बरोबर. पाण्याचंही विचारून घ्या. रात्रीपासून थेंब नाही, हे आपल्याकडे अजून चालतं, आणि मे महिन्यात जळगावात म्हातारा माणूस सुकून जातो. बहुतेकांना साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, जेवण मात्र आधीच बंद. आतड्यात अडथळा असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. आणि घरी पोटावर वस्तरा फिरवू नका, बारीक कापल्या जागी जंतू शिरतात. केस काढायचेच असतील तर हॉस्पिटलवाले मशीनने काढतील.

रावेरकर
सगळ्यांचे आभार. उद्या फोन करून फिजिओची वेळ घेतो. डाळीचं राहिलं.

फिजिओ_धुळे
डाळीने टाके पिकत नाहीत दादा, जखम भरायला प्रथिनं लागतातच. सर्जननी खाणं सुरू केलं की मुगाचं पातळ वरण विचारून द्या. फिजिओकडे जाताना काकांनाही घेऊन जा, रात्री बाबांजवळ तेच थांबणार असतील तर नक्कीच.